गिटारवर शाल

माझ्या मित्रानं बँड सोडला तो पलूसच्या पुढच्या एका गावात, यात्रेच्या कार्यक्रमात, स्टेजवर गाणं चालू असतानाच.

बँड म्हटलं की आमच्याकडं लोक विचारतात, वरातीचे किती घेता. म्हणून आधीच सांगते, हा पितळी वाजंत्र्यांचा बँड नव्हे. दोन गिटार, ड्रम आणि एक गायक, असा रॉक वाजवणारा. सांगलीत कॉलेजला असताना चौघांनी मिळून काढलेला. आमची नदीच्या पाण्याची चळवळ तेव्हा नुकती उभी राहत होती. कारखान्यांची घाण रात्रीतून नदीत सुटायची आणि सकाळी मासे पोट वर करून काठाला लागायचे. मी त्यावर पत्रकं लिहायचे. या चौघांनी त्यातल्या एका पत्रकालाच चाल लावली आणि चहाच्या गाड्यावरून वीज घेऊन कलेक्टर कचेरीसमोरच्या धरण्यात ती वाजवली. शेवटी गिटारवर माझा मित्र असा काही सुटला की बंदोबस्ताचे पोलीससुद्धा पाय हलवायला लागले. ते गाणं अख्ख्या जिल्ह्यात गेलं.

आणि तिथंच गायक बिघडला. त्याच्या लक्षात आलं की मेलेल्या माशांवर गाणं म्हणण्यापेक्षा जिवंत पुढाऱ्यांवर म्हटलं तर आमंत्रणं जास्त येतात. वर्षभरात बँडच्या नावाखाली वाढदिवस, दहीहंड्या, शोरूमची उद्घाटनं आणि गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या. जाकीट तेच, केस तेच, मुठी आवळणं तेच. फक्त मूठ आता ज्याच्या बाजूनं आवळायची त्याचा फोटो मागं पडद्यावर असायचा.

यात्रेच्या कार्यक्रमात आमच्याकडं नावं पुकारायची रीत आहे. माणसं स्टेजच्या कडेला येतात, बक्षीस देतात, चिठ्ठी देतात, आणि चिठ्ठीतलं नाव माईकवरून मोठ्यानं घ्यायचं. तमाशापासून चालत आलंय म्हणतात. चालत आलंय ते ठीक, पण माझ्या मित्राच्या डोक्यावरूनच का चालायचं, हा माझा प्रश्न होता. कारण गायकानं एक शोध लावला होता. गाणं म्हणताना नावं घेता येत नाहीत, पण मध्ये गिटारचा सोलो असतो. सोलो म्हणजे गायकाचं तोंड मोकळं असलेला वेळ. मग माझा मित्र तिकडं डोळे मिटून, घाम गाळून वाजवतोय आणि वरून आवाज येतोय, "युवकांचं आशास्थान, यांच्याकडून प्रेमाची भेट! त्यांच्या मातोश्रींकडून, भेट! आणि पांढरी गाडी कुणाची हाय, ट्रॅक्टर अडकलाय, काढून घ्या."

एकदा तर माझ्या मित्राच्या वडिलांचंच नाव घेतलं. वडील फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, कुंडलजवळ वस्तीवर राहणारे. पोराचा कार्यक्रम आसपास कुठंही असला की इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत ताठ बसायचे. त्या दिवशी सोलो ऐन रंगात आला होता आणि गायक ओरडला, "माजी सैनिक, देशाची शान, आपल्या गिटारवाल्याचे वडील आज आपल्यात हायत!" वडील उठले, चारी बाजूंना सॅल्यूट केला, बसले. तोवर सोलो संपला होता. पोराचं वाजवणं त्यांनी अशा किती कार्यक्रमांत ऐकलं म्हणायचं? एकदाही नाही. दर वेळी कुणाचं तरी नाव ऐकलं.

तर पलूसच्या पुढच्या त्या गावात मी मागं उभी होते, पत्रकं वाटायला गेलेली. सोलो सुरू झाला, नावं सुरू झाली. आणि मित्रानं वाजवणं थांबवलं. भांडला नाही, काही नाही. वायर काढली, हातावर गुंडाळली, गिटार पिशवीत घातली आणि मागच्या शिडीनं खाली उतरला. गायक नावं वाचतच होता. दोन चिठ्ठ्या वाचून झाल्यावर त्याच्या कानाला काहीतरी कमी लागलं असावं. तो मागं वळला आणि माईकवरूनच विचारता झाला, "गिटार कुठं गेलं रं?"

गिटार माझ्या स्कूटरवर मागं बसून निघालं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. वाजवत हुतो. आता वाजवत न्हाई."

"आणि पुढं?"

"एकट्याचा अल्बम काढणार. त्यात गाणाराच न्हाई. नुसती गिटार. बघू कोण मदी बोलतंय."

गावात ही बातमी पोचली तशी माणसं सांत्वनाला यावीत तशी यायला लागली. शेजारचे काका म्हणाले, "बेंजो पार्टीला मानूस पायजे हाय, बोलू का? गणपतीत दहा दिवस फिक्स." एका नातेवाइकाला वाटलं त्याला काढून टाकलंय, आणि गायकाच्या पाया पडून परत घ्यायला लावतो म्हणाला. वडील तेवढे शांत होते. "युनिट सोडलं म्हंजे काय कोर्ट मार्शल न्हाई झालं," ते मला म्हणाले. "पर पुढची पोस्टिंग कुठं, एवढं ह्यानं सांगावं."

पोस्टिंग पाचगणीला झाली. तिथल्या एका बोर्डिंगच्या शाळेत तो गिटार शिकवायला लागला. मुंबईच्या श्रीमंतांची पोरं. गिटारी त्याच्या गिटारीपेक्षा भारी, आणि प्रत्येकाला तीच तीन कॉर्डची प्रेमाची गाणी पाहिजेत, सुट्टीत घरी जाऊन मैत्रिणीला ऐकवायला. मी एकदा त्याला भेटायला गेले तर खाली बाजारात पर्यटक घोड्यांवर बसून स्ट्रॉबेरी खात होते आणि हा वरच्या एका खोलीत, धुक्यात, तारांना चिकटून बसला होता. खोलीला बुरशीचा वास. तिथं त्यानं सात तुकडे रचले होते. त्यानं मला एकामागून एक ऐकवले. मला संगीतातलं फार कळत नाही, पण पत्रक वाचताना माणूस कुठं थांबतो आणि कुठं पुढं सरकतो ते कळतं. हे तुकडे थांबवत होते.

तरी मी माझं बोललेच. "शब्द घाल."

"न्हाई."

"अरे, चार ओळी घाल. नदीवर घाल. नुसत्या सुरातून लोकांना काय समजणार, कारखान्यानं घाण सोडली का देवळात घंटा वाजली?"

"शब्द आले का माईक आला," तो म्हणाला. "माईक आला का कोनतरी बोलनार. आदी गायक, मग निवेदक, मग तुजे पुढारी."

"माझे पुढारी?"

"तुज्या चळवळीतले काय मुके हायत व्हय?"

हे खरं होतं आणि मला त्याचा राग आला. आमच्या धरण्यात उपोषणाला बसलेला माणूस शुद्ध हरपून पडला तेव्हासुद्धा आमच्या एका ज्येष्ठानं आधी भाषण पुरं केलं होतं.

सातवा तुकडा सगळ्यांत मोठा, नऊ मिनिटांचा. सुरुवातीला अगदी सावकाश, एकेक सूर लांबवलेला. मग मध्येच सगळं अंगावर येतं, आणि शेवटी पुन्हा एकच तार उरते. बाकीचे सहा त्यानं पुण्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड केले. सातवा मात्र लोकांसमोर वाजवूनच रेकॉर्ड करायचा, तोही आपल्याच भागातल्या लोकांसमोर, असं त्यानं ठरवलं. पुण्याचा स्टुडिओवाला हसला. म्हणाला, पब्लिकचा आवाज नंतर घालू ना, माझ्याकडं टाळ्यांचे चार प्रकार आहेत. पुण्यात सगळ्याचे चार प्रकार असतात. मित्र म्हणाला, "मला टाळ्या नकोत. मला लोक गप पायजेत. आन् पयल्या रांगेत माजा बाप पायजे."

झालं. एवढीच त्याची मागणी होती. मी कलेक्टरपासून मंत्र्यांपर्यंत निवेदनं दिलेली आहेत, पण यापेक्षा लहान मागणी माझ्या पाहण्यात नाही. नऊ मिनिटं. गप्प बसायचं. एवढंच.

सांगलीत कार्यक्रम ठरला. हॉल एका शिक्षणसंस्थेचा, संस्थेचे अध्यक्ष एका साखर कारखान्याचे चेअरमन. मी म्हणाले, "अरे, यांच्या गेटवर आपण मोर्चा नेला होता."

"मग ज्याच्या मालकावर मोर्चा न्हेला न्हाई असा एक हॉल दाव मला सांगलीत," तो म्हणाला. मला दाखवता आला नाही.

हॉलबरोबर निवेदक आला. हॉलबरोबर खुर्च्या येतात तसा. त्याच्याबरोबर कार्यक्रमपत्रिका आली. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, श्रद्धांजली, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, आणि सगळ्यांच्या खाली, उरलेल्या जागेत, "वादन".

यातल्या श्रद्धांजलीबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या भागात कुठल्याही कार्यक्रमाच्या सुरुवातीला, अलीकडं जे कोण गेले असतील त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहतात. नावं कुणी नीट ऐकत नाही. पुढारी उठला की पहिली रांग उठते, पहिली उठली की दुसरी. हात पुढं जुळवायचे, मान खाली घालायची. दोन मिनिटं म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात "बसून घ्या" येतं, पण तेवढा वेळ माणसं खरोखर गप्प असतात. कुणाचा मोबाइल वाजला तर त्याच्याकडं असं बघतात की त्यानंच मारलंय. रक्षाविसर्जनाला सुद्धा माईक लावून भाषणं ठोकणारी आमची माणसं, गप्प बसतात ती तेवढीच. सांगलीतही बसली. चेअरमनसाहेब आले नव्हते, म्हणून संचालकांपैकी कुणीतरी मान खाली घातली आणि हॉलनं ती मानली.

मग साहेब येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून निवेदकानं वादन वर घेतलं. मित्रानं लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू केलं, डोळे मिटले आणि सुरू केलं. आणि लोक ऐकत होते. हे मी शपथेवर सांगते. पहिली दोन-तीन मिनिटं हॉलमध्ये पंख्याशिवाय आवाज नव्हता. पहिल्या रांगेत वडील, इस्त्रीचा शर्ट, मान किंचित पुढं. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात खाली गाड्यांची दारं वाजली.

"ज्यांची आपण आतुरतेनं वाट पाहत होतो," निवेदक माईकवर झेपावला, "सहकारातला ढाण्या वाघ, त्यांचं आगमन झालेलं आहे, सर्वांनी उभं राहून टाळ्यांच्या गजरात!" लोक उठले. टाळ्या झाल्या. मित्र वाजवत राहिला. त्यानं ठरवलं असावं, आपण थांबायचं नाही, बघू कोण दमतं. साहेब स्टेजवर आले. त्यांना पुढं दोन लग्नं आणि एक बारसं होतं, म्हणून निवेदकानं सत्कार तिथल्या तिथं उरकायला घेतला. कुणाला वाटलं असेल की हा अजून तारा जुळवतोय. खरोखर वाजवत असताना माणसाला कोण हात लावेल?

फेटेवाला मागून आला आणि वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्याला फेटा गुंडाळायला लागला. मान एकदा इकडं, एकदा तिकडं. कान फेट्याखाली गेले. तरी तो वाजवतोय. मग साहेबांनी शाल घातली. चांगली शाल होती, झुळझुळीत. खांद्यावरून घसरली ती थेट गिटारवर, आणि तारांचा आवाज गेला. ठप, ठप, ठप. दारावर कुणी उशी आपटावी तसा. मग नारळ आला. नारळ एका हातानं घेत नाहीत, तसं घेतलं तर मान राखल्यासारखं होत नाही. फोटोवाला म्हणाला, "दोन्ही हात, दोन्ही हात, हितं बघा." मित्रानं उजवा हात तारांवरून काढून नारळाखाली धरला. डावा मात्र सोडला नाही. तो फोटो आहे माझ्याकडं. फेटा डोळ्यांपर्यंत, शालीखाली गिटार, एका हातात नारळ, आणि दुसऱ्या हाताची बोटं शालीखाली कॉर्ड धरून बसलेली.

वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. पोराचा सत्कार चेअरमनसाहेबांच्या हातून झाला, त्यांनी काय करायचं होतं? नंतर ते मला म्हणाले, "मोठा मानूस हाय. येळ काडून आला." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "मगाशी कायतरी सुरू हुतं, ते पुरं झालं का गं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कार्यकर्त्या पोरांनी सत्काराचा व्हिडिओ सगळीकडं फिरवला. "कलेचा सन्मान". गायकानंही खाली लिहिलं, "आमच्याच तालमीत घडलेला हिरा", पुढं हात जोडलेले. मी पेटले. मित्राला म्हणाले, "हेच रेकॉर्डिंग अल्बममध्ये घाल. जसंच्या तसं. ढाण्या वाघासकट, ठप-ठपसकट. लोकांना आरसा दाखव. मी त्याच्यावर पत्रक काढते, जिल्हाभर वाटते."

त्यानं लॅपटॉप बंद केला. "मी कुनाची टिंगल करायला सहा म्हैनं त्या बुरशीत बसलो न्हवतो," तो म्हणाला. "तुला सगळ्याचं पत्रकच करायचं असतंय. मला ते वाजवायचं हाय. पुरं. बास."

त्या दिवशी मी तशीच तिथून निघाले. पण नंतर मीच फोन केला आणि म्हणाले, पुढचा कार्यक्रम मी लावते. माझ्या पद्धतीनं.

माझी पद्धत साधी होती. रहिमतपूरला त्याच्या मामांच्या ओळखीनं एक लहान मंगल कार्यालय मिळालं. दुपारची वेळ, लग्नाची तारीख नसलेली. पाहुणा नाही. दिवा नाही, हार नाही, नारळ तर आवारातच नाही. पुढं सोफे टाकू दिले नाहीत, सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि माणसं येतील तितक्याच मांडायच्या. आणि माईक नाही. मंडपवाल्यानं दोनदा विचारलं, "ताई, माईक न्हाई? मग कार्यक्रम कसा हुनार?" मी म्हणाले, गिटारचा स्वतःचा स्पीकर आहे, अ‍ॅम्प, त्याच्यावर होणार. तो मान हलवत गेला. कार्यालयाचे व्यवस्थापक, मामांचे मित्र, त्यांना तर झोप लागली नाही. "आवं, पाव्हणा न्हाई? लोक म्हनतील, कार्यक्रमाला कुनी आलंच न्हाई." मी म्हणाले, लोक आले म्हणजे लोक आले. हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी माझ्यामागं फोन केला. तिथल्या एका भावी आमदारांना, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. गावाच्या वेशीवर त्यांचा फ्लेक्स आहे, त्यावर तसंच लिहिलंय, भावी आमदार, जणू ते एखादं पद आहे.

लोक बरे जमले. मामांकडची माणसं, गावातल्या शाळेतली काही पोरं-पोरी, बाजारातून सहज आलेले चार-पाच. खुर्च्या भरल्या. कुंडलहून वडील आले, पहिल्या रांगेत बसले. मी उभी राहून, तोंडानंच, एवढंच सांगितलं की आता हा वाजवेल. मित्रानं रेकॉर्डिंग चालू केलं, डोळे मिटले.

सावकाश सुरुवात. एकेक सूर. दुसरं मिनिट, तिसरं. आणि बाहेर गाड्यांची दारं वाजली. मी व्यवस्थापकांकडं पाहिलं. ते छताकडं पाहत होते.

भावी आमदार आत आले. पांढरे कपडे, मागं पाच-सहा माणसं. व्यवस्थापक सवयीनं माईककडं धावले आणि माईक नाही हे आठवून मध्येच थांबले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. नुसत्या तोंडानं "आगमन झालेलं आहे" म्हणणं त्यांना जमेना. भावी आमदार स्टेजच्या कडेला येऊन उभे राहिले. बसायला जागा नव्हती, पुकारायला कोणी नव्हतं. पुकारल्याशिवाय काय करायचं असतं हे त्यांना कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. त्यांना पाहून पहिली रांग मानानं उठली. वडील सगळ्यांत आधी, टाचा जुळवून. दुसरी रांग उठली, खुर्च्या सरकल्या.

आता भावी आमदारांच्या बाजूनं पाहा. समोर सगळे लोक उभे. कुणी बोलत नाही. कुणी हार आणत नाही. संगीत सावकाश, उदास. त्यांनी आयुष्यात असा प्रसंग एकाच ठिकाणी पाहिला होता. त्यांनी हात पुढं जुळवले आणि मान खाली घातली.

आणि त्यांची मान खाली गेलेली पाहून अख्ख्या कार्यालयाची मान खाली गेली.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला हसायचंही सुचेना. मागच्या रांगेतल्या बाईनं डोक्यावर पदर घेतला. एकानं मुलाच्या पाठीत चापट मारून त्याला सरळ केलं. मधला भाग आला, जिथं गिटार अंगावर येते, अ‍ॅम्प थरथरत होता, खिडकीच्या काचा वाजत होत्या, आणि एकही मान वर झाली नाही. श्रद्धांजलीला एवढा धिंगाणा कसा, असा प्रश्न त्या हॉलमध्ये एकालाही पडला नाही. पुढारी वर बघेल तेव्हा बघायचं. एरवी अर्ध्या मिनिटात "बसून घ्या" म्हणणारा कुणीतरी असतो. तो नव्हता, कारण माईक नव्हता. म्हणून ते उभे राहिले, पूर्ण नऊ मिनिटं संपेपर्यंत, शेवटची एक तार हवेत विरेपर्यंत.

टाळ्या वाजल्या नाहीत. श्रद्धांजलीला कुठं वाजवतात?

मित्रानं डोळे उघडले. समोर दीड-दोनशे माणसं मान खाली घालून उभी. तो एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बसा की."

बसले. भावी आमदार माझ्याजवळ आले, आवाज खाली घेऊन म्हणाले, "फार मोठी पोकळी निर्माण झाली." मग आणखी हळू, "ताई, कोण गेलं म्हनायचं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"वाईट झालं," ते म्हणाले, आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले.

माणसं पांगली. जाताना दोघं-तिघं मित्राच्या खांद्यावर हात ठेवून गेले, सांत्वन करावं तसे. हा मात्र कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसला होता आणि हसत होता. "टेक क्लीन आलाय," म्हणाला. "एक खुर्च्यांचा आवाज हाय तिसऱ्या मिनिटाला. राहू दे. मदी कुनी बोललं न्हाई बग. एक शबुद न्हाई."

मला ते सहन होईना. मी म्हणाले, "अरे, त्यांनी ऐकलं नाही. ते उभे होते नुसते. कुणाची तरी मयत समजून उभे होते. तुझ्यासाठी नाही, त्या पांढऱ्या कपड्यांसाठी उभे होते."

"गप तर हुते," तो म्हणाला. "मला आनी काय पायजे हुतं?"

काय पाहिजे होतं ते त्यालाही माहीत होतं, मलाही. त्याचे वडील अजून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरच होते. दुसऱ्या दिवशी तिथं साखरपुडा होता, म्हणून कामगार मागून खुर्च्या उचलत, एकात एक घालत पुढं येत होते. खडखडाट चालू होता. अ‍ॅम्पची वायर मंडपवाल्यानं काढून नेली होती.

वडील उठून पोरापाशी आले. "बाळा," ते म्हणाले, "पुन्ना वाजिवतोस का?"

"आत्ता ऐकलं न्हवं तुमी?"

"हुबा हुतो तवा सायबाकडं ध्यान हुतं. ते कवा मान वर करत्यात ते बघत हुतो. निम्मं ध्यानातच न्हाई."

मित्रानं गिटार पुन्हा मांडीवर घेतली. वीज नसली की त्या गिटारीचा आवाज म्हणजे डास गुणगुणावा एवढाच, हातभर अंतरावर जाणारा. वडिलांनी खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि कान तारांपाशी नेला. एक कामगार त्यांच्याखालची खुर्ची मागायला आला आणि त्यांच्याकडं बघून परत गेला.

मी पाच-सहा पावलांवर होते. खुर्च्या आपटत होत्या, व्यवस्थापक बाहेर कुणाला तरी फोनवर सांगत होते की भाऊ स्वतः आले होते, पूर्ण वेळ थांबले. मला गिटारचा एक सूरही ऐकू आला नाही. पुढं व्हायची तयारी केली होती, मग राहिले तिथंच. ते माझ्यासाठी नव्हतं.